महासत्तेला वळण लावण्याची कृती

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओळीने म्हणता येतात, ज्यांनी केनेडींपासून ओबामांपर्यंत सगळ्यांची भाषणे यूट्यूबवर ऐकली आहेत आणि देशाचा इतिहास अशा भाषणांनी वळतो असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ती सावकाश वाचावी. ज्यांनी तहसील कचेरीत एकदा तरी ‘हा फॉर्म जुना आहे, नवा भरून आणा’ हे ऐकले आहे, त्यांचा निम्मा अभ्यासक्रम आधीच झालेला आहे.

साहित्य फारसे लागत नाही. एखादा रकाना, एखादे कलम, एक रिकामी खुर्ची, आणि बाकीचे सगळे मोठ्या गोष्टींकडे बघत असताना त्या बारक्या गोष्टीवर बोट ठेवून बसलेला एक माणूस. मोर्चे, ढोल, तुताऱ्या वगैरे मागाहून आपोआप येतात.

पहिला धडा : मतपत्रिका छापून घेणे

काम किरकोळ वाटेल, पण गेल्या पाव शतकातली अमेरिका इथूनच सुरू होते, म्हणून या धड्याला जरा जास्त वेळ देऊ.

२००० साली फ्लोरिडात राष्ट्राध्यक्षपदाला दहा उमेदवार उभे होते. तिथल्या पाम बीच काउंटीच्या निवडणूक अधिकारी होत्या थेरेसा लपोर. या काउंटीत निवृत्तीनंतर उन्हाला येऊन राहिलेली म्हातारी माणसे पुष्कळ. दहाही नावे एका पानावर बसवायची तर अक्षर बारीक होणार आणि आजी-आजोबांना ते दिसणार नाही. लपोरबाईंनी आजी-आजोबांचा विचार केला. अक्षर मोठे ठेवले, नावे समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली आणि मधोमध भोकांची एकच उभी रांग ठेवली. डाव्या पानावर सर्वांत वर जॉर्ज बुश, त्यांच्याखाली अल गोर. उजव्या पानावर सर्वांत वर पॅट ब्युकॅनन. भोकांची रांग मात्र दोन्ही पानांना सामाईक, त्यामुळे पहिले भोक बुश यांचे, दुसरे ब्युकॅनन यांचे आणि गोर यांचे तिसरे.

समजले नसेल तर एका कागदावर काढून पाहा. काढूनही समजले नाही तर खचू नका. ७ नोव्हेंबर २००० रोजी पाम बीचमध्ये तुमच्यासारखे हजारो होते. डावीकडचे दुसरे नाव गोर यांचे, म्हणून त्यांनी दुसरे भोक पाडले. मग काहीतरी खटकले, म्हणून तिसरेही पाडले. एकाहून जास्त भोके पडलेल्या १९ हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या. जे दुसऱ्याच भोकावर थांबले त्यांचे मत ब्युकॅनन यांच्या खात्यात गेले. ब्युकॅनन हे कट्टर उजवे. पाम बीचच्या ज्यू आजोबांनी ज्यांना चहालाही बोलावले नसते असे गृहस्थ. त्यांना तिथे ३,४०७ मते पडली, राज्यातल्या इतर कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. यातली बरीचशी मते आपली नव्हेत, असे ते स्वतःच टीव्हीवर म्हणाले. राजकारणातला एवढा प्रामाणिकपणा पाहायला मिळाला तो एका भोकाच्या कृपेने.

आणि हो, लपोर या गोर यांच्याच पक्षाच्या होत्या. मतपत्रिकेचा नमुना मतदानाआधीच लोकांच्या हातात पडला होता. तेव्हा नवशिक्याने उगाच कट शोधत बसू नये. कट शोधणे हे वरच्या वर्गाचे काम आहे, आणि तिथेही तो क्वचितच सापडतो. आपले काम चांगला हेतू आणि मोठे अक्षर यांच्यावर भागते.

पुढची पायरी, भोक पाडणे. मतदाराने कार्ड यंत्रात सरकवायचे, टोच्याने नेमक्या जागी दाबायचे, की कागदाचा चिमुकला चौकोन सुटून खाली पडतो. या चौकोनाला चॅड म्हणतात. पडला तर मत झाले. एका कोपऱ्याला लटकून राहिला तर तो ‘लोंबता चॅड’. दोन कोपऱ्यांना धरून हलत असेल तर ‘झुलते दार’. चारही कोपरे शाबूत पण मधे फुगवटा असेल, तर भल्या भल्या बैठकांत अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्याला ‘गरोदर चॅड’ म्हणत. गरोदर चॅड म्हणजे मत की नुसताच मनोदय, यावर जगातल्या एकमेव महासत्तेचे वकील कित्येक आठवडे भांडले. ब्रॉवर्ड काउंटीचे न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग डोळे विस्फारून भिंगातून कार्ड न्याहाळताहेत, असा एक फोटो त्या दिवसांत जगभर छापून आला. अभ्यासाच्या टेबलासमोर लावायला तो उत्तम.

निकालाच्या रात्री टीव्ही बंद ठेवावा. त्या रात्री वाहिन्यांनी आठाच्या आत फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकला, दहाच्या सुमारास परत घेतला आणि मध्यरात्रीनंतर सव्वादोनला बुश यांच्या पदरात घातला. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केले, नॅशव्हिलमध्ये पराभवाचे भाषण करायला निघाले, वाटेत कळले की फरक वितळत चालला आहे. मग पुन्हा फोन लावून अभिनंदन मागे घेतले. व्होल्यूशिया काउंटीत तर यंत्राने काही काळ गोर यांच्या नावावर उणे १६,०२२ मते दाखवली. उणे! मतपेट्या पळवणे, मेलेल्यांची मते टाकणे हे सगळे आपण पाहिले आहे, पण एवढी कल्पनाशक्ती आपल्याकडच्या बूथवाल्यांनाही लाभली नाही.

आता पंच नेमा. राज्याचा निकाल प्रमाणित करण्याचे काम फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरिन हॅरिस यांचे. त्या बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या. राज्याचे गव्हर्नर जेब बुश हे उमेदवाराचे सख्खे भाऊ. यात बेकायदा काहीही नव्हते. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढेही लागेल.

१२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली, आणि आमचा हा विचार सध्याच्या परिस्थितीपुरताच आहे, असे निकालातच नोंदवून ठेवले. म्हणजे उद्या कोणी दाखला म्हणून पुढे करू नये. सुमारे ६० लाख मतांत ५३७ चा फरक. त्यावर फ्लोरिडाची २५ निर्वाचक मते आणि त्यांच्यासकट देश बुश यांच्याकडे गेला. देशभरात गोर यांना पाच लाखांवर मते जास्त होती. ती कशाला लागतात, असे परीक्षेत विचारत नाहीत. बुश यांच्या बाजूने त्या कज्ज्यात राबलेल्या वकिलांत जॉन रॉबर्ट्स, ब्रेट कॅव्हनॉ आणि एमी कोनी बॅरेट हे तिघे होते. तिघेही पुढे सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसले. त्यांच्यापैकी एकीची गाठ तिसऱ्या धड्यात पडेल.

दुसरा धडा : मुदतीचा रकाना कोरा ठेवणे

हा धडा आटोपता घेऊ, कारण तो मुळातच साठ शब्दांचा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी काँग्रेससमोर एक ठराव आला. त्याच्या कामाच्या वाक्याचे इंग्रजी शब्द साठ. हल्ला ज्यांनी केला, ज्यांनी मदत केली, ज्यांनी आसरा दिला, असे राष्ट्राध्यक्ष ठरवतील त्यांच्यावर बळ वापरायची मुभा. कोणता देश, ते लिहिले नाही. कधीपर्यंत, तेही नाही. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. हा कोरा धनादेश आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याबद्दल त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलिस संरक्षण द्यावे लागले. बुश गेले, ओबामा आले, ट्रम्प आले, बायडन आले. साठ शब्द जागचे हलले नाहीत, आणि अफगाणिस्तानातून निघालेली लढाई त्यांच्याच आधारे येमेन आणि सोमालियापर्यंत पोचली.

मधली सुट्टी

डबा खाता खाता एक जुनी गोष्ट. प्रतिनिधीगृहाचे कामकाज १९७९ पासून टीव्हीवर दिसू लागले. कॅमेऱ्याने फक्त बोलणाऱ्याला दाखवायचे, असा रिवाज. जॉर्जियाचे न्यूट गिंग्रिच यांनी त्यातली मेख हेरली. दिवसाचे काम संपून सभासद घरी गेले की ते उभे राहत आणि विरोधकांवर तोफ डागत, त्यांना आव्हान देत. समोर चिटपाखरू नसे. घरी सोफ्यावर बसलेल्याला मात्र वाटे, विरोधकांची दातखीळ बसली. १९८४ च्या मे महिन्यात सभापती टिप ओ’नील यांनी चिडून कॅमेरा सभागृहभर फिरवायला लावला. रिकाम्या खुर्च्या दिसल्या खऱ्या, पण त्यावरून पेटलेल्या भांडणात ओ’नील यांचेच शब्द नियमबाह्य ठरले आणि गिंग्रिच हे नाव देशभर झाले. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृहात बहुमत मिळवले, गिंग्रिच सभापती झाले. मधल्या काळात त्यांच्या संघटनेने पक्षाच्या उमेदवारांना शब्दांची यादीच वाटली होती. प्रतिपक्षासाठी ‘गद्दार’, ‘भ्रष्ट’, ‘दयनीय’ असे शब्द वापरावेत म्हणून. ही यादी आयात करायची गरज नाही, आपल्याकडे स्थानिक उत्पादन मुबलक आहे.

तिसरा धडा : काहीही न करणे

सगळ्यांत अवघड कौशल्य हे. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया टेक्ससमधल्या एका रँचवर वारले. बातमी पक्की होऊन जेमतेम तास झाला असेल, तोच सिनेटमधले बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर केले, की हे निवडणुकीचे वर्ष आहे, ही जागा नव्या राष्ट्राध्यक्षांनी भरावी. ओबामांनी महिनाभराने मेरिक गारलँड यांचे नाव पाठवले. यानंतरची कृती अशी: सुनावणी ठेवू नये, मतदान घेऊ नये, नकारही देऊ नये. गारलँड यांचे नाव २९३ दिवस पडून राहिले आणि काँग्रेसची मुदत संपली तसे आपोआप परत गेले. यात बेकायदा काहीही नव्हते. सिनेटची संमती लागते, एवढे राज्यघटनेत आहे. ती किती दिवसांत द्यावी, हे नाही. फाइल दाबून ठेवणाऱ्या कारकुनाला आपण शिव्या घालतो. मॅकॉनेल यांनी तेच केले आणि आपल्या कारकिर्दीतले सर्वांत परिणामकारक काम म्हणून ते त्याचा अभिमानाने उल्लेख करत आले आहेत. माझ्या मते त्यात अतिशयोक्ती नाही.

कारण पुढे पाहा. १८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रुथ बेडर गिन्सबर्ग गेल्या. निवडणूक सात आठवड्यांच्या आत. आता धीर धरण्याचे तत्त्व गुंडाळून घाई करण्याचे तत्त्व बाहेर काढण्यात आले. एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी २६ ऑक्टोबरला पार पडली, मतदानाच्या आठ दिवस आधी. २४ जून २०२२ रोजी न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो खटल्याचा निकाल मोडीत काढला. एकोणपन्नास वर्षे लाखो बायकांनी जो हक्क गृहीत धरला होता, तो आपण कुठल्या राज्यात राहतो यावर अवलंबून राहू लागला. मोर्चे दोन्ही बाजूंनी दशकानुदशके निघाले. पारडे फिरले ते एका फाइलीवर धूळ बसू दिल्याने आणि दुसरीवरची झटकल्याने.

डेमोक्रॅट मंडळींनीही फार बोंब मारू नये. खालच्या न्यायालयांतल्या नेमणुका साध्या बहुमताने करायचा रस्ता २०१३ साली त्यांच्याच हॅरी रीड यांनी मोकळा केला. याचा पस्तावा होईल आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा लवकर होईल, असे मॅकॉनेल यांनी तेव्हाच बजावले होते. २०१७ मध्ये त्यांनी तोच रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत नेला.

चौथा धडा : रकाना भरणे

जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर हे ओहायोतल्या सिनसिनाटीचे, वीस वर्षांचे सोबती. आर्थर यांना एएलएस झालेला. हातपाय गेलेले, अंथरुणाला खिळलेले. ओहायोत समलिंगी विवाह होत नव्हते. २०१३ च्या जुलैत आप्तमित्रांनी पैसे जमवले, रुग्णाला नेता येईल असे छोटे विमान केले आणि ते बाल्टिमोरच्या विमानतळावर उतरवले. मेरिलँडमध्ये लग्न कायदेशीर होते. नवरदेवाला खाली उतरवणे शक्य नव्हते, तेव्हा उभ्या विमानातच लग्न लागले आणि विमान घरी परतले.

काही दिवसांतच एका वकिलाने त्यांना एक कोरा छापील नमुना दाखवला, मृत्यूच्या दाखल्याचा. त्यात वैवाहिक स्थितीचा एक रकाना आणि हयात जोडीदाराच्या नावाचा एक. आर्थर यांच्या मागे ओहायो सरकार पहिल्यात ‘अविवाहित’ लिहिणार आणि दुसरा कोरा सोडणार, हे त्यांना तेव्हा उमगले. समलिंगी हक्कांची चळवळ त्याआधी कित्येक दशके चालली होती, लोकांनी मार खाल्ला होता, नोकऱ्या गमावल्या होत्या. ते सगळे नसते तर हा खटला उभाच राहिला नसता. पण न्यायालयात शेवटी जे पोचले ते त्या एका रकान्याचे भांडण, आणि खटल्याच्या नावात ओबर्गफेल यांच्यासमोर जे हॉजेस आहेत ते कोणी खलनायक नव्हेत, ओहायोच्या आरोग्य खात्याचे तेव्हाचे संचालक होते. आर्थर २०१३ च्या ऑक्टोबरात वारले. २६ जून २०१५ रोजी न्यायमूर्ती केनेडी यांनी पाच विरुद्ध चारचा निकाल लिहिला आणि पन्नासही राज्यांत विवाहाचा हक्क लागू झाला. त्या पाच जागांपैकी एक जागा इकडची तिकडे असती तर? तिसरा धडा पुन्हा वाचावा.

आता एक अपवाद, आणि तो थट्टेचा नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसांनी पकडले, वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून. रात्री पोलिसांनी काढलेल्या पत्रकाचा मथळा असा होता, की पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटना घडून इसमाचा मृत्यू. पत्रक व्याकरणशुद्ध होते. त्यात गुडघा नव्हता. मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ दाबून धरलेला गुडघा होता तो फुटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या फोनमध्ये. तिने तो फोन खाली घेतला असता तर पत्रकच दप्तरी जमा होऊन राहिले असते.

पाचवा धडा : पेट्या सांभाळणे

२०२० साली जॉर्जियात जो बायडन ११,७७९ मतांनी जिंकले. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटना, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना, फोन करून ११,७८० मते शोधायला सांगितले. हिशेब चोख होता, एका मताचीही उधळपट्टी नव्हती. रॅफेन्सपर्गर यांनी आपले आकडे बरोबर आहेत असे सांगितले आणि फोन संपला. पाम बीचच्या धड्यात जो पंच होता त्याच पदावरचा हा दुसरा पंच. एकच टेबल, दोन माणसे.

उरला १८८७ चा कायदा. १८७६ ची निवडणूक चिघळली होती, तसे पुन्हा होऊ नये म्हणून केलेला, आणि असा काही लिहिलेला की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरावी. राज्यांकडून आलेली निर्वाचक मतांची प्रमाणपत्रे उपराष्ट्राध्यक्षांनी काँग्रेससमोर उघडायची, हे त्यात आहे. उघडून नाकारताही येतात का? येतात, असे काही वकिलांनी ट्रम्प यांना पटवले. मला तसा अधिकार नाही, असे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी ६ जानेवारी २०२१ ला लेखी कळवले. दुपारी जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. सभासदांना बाहेर काढण्याच्या त्या धावपळीत सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी प्रमाणपत्रांच्या लाकडी पेट्या उचलून बरोबर नेल्या. पहाटे पावणेचारच्या सुमारास मोजणी पुरी झाली. पेट्या मागे राहिल्या असत्या तर काय झाले असते, याचे उत्तर अभ्यासक्रमाबाहेर. २०२२ च्या डिसेंबरात कायदा दुरुस्त करून उपराष्ट्राध्यक्षांचे काम निव्वळ औपचारिक आहे, असे सरळ इंग्रजीत लिहून टाकले. त्याला १३५ वर्षे लागली.

घरचा अभ्यास

१९६५ च्या स्थलांतर कायद्याचा मसुदा मिळवून वाचावा. आधी त्यात कुशल लोकांना पहिला मान होता. ओहायोचे खासदार मायकेल फीगन यांनी हट्ट धरला, की नातेवाइकांना पुढे घ्या. गणित सोपे होते: आज इथे बहुतेक गोरे युरोपीय, त्यांचे नातेवाईकही तेच असणार, म्हणजे देशाचा तोंडवळा बदलायची भीती नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही करताना हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असेही सांगून टाकले. युरोपातल्या नातेवाइकांना यायची फारशी घाई नव्हती. आशियातून मात्र एक इंजिनिअर आला, मग त्याची बायको, मग धाकटा भाऊ, भावजय, आई-बाबा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीची आरती कशी सुरू झाली, हे शोधणाऱ्याने फीगन यांच्या हट्टापासून सुरुवात करावी.

त्याच्याच शेजारी ट्रम्प यांची १९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा ठेवून वाचावी. एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर. सही शुक्रवारी, अंमल रविवारपासून. आधीच व्हिसा असलेल्यांचे काय, हे शुक्रवारी कोणालाच नीट उमगले नाही, तेव्हा कंपन्यांच्या वकिलांनी सुटीवर गेलेल्यांना चोवीस तासांत परत या असे ईमेल धाडले. ही रक्कम फक्त नव्या अर्जांना आहे, असा खुलासा व्हाइट हाउसने शनिवारी केला. तोवर तिकिटे काढून झाली होती.